‘लांडगा आला रे आला’ आणि रस्त्यावरचं मीठ: एका पेपरची चिकित्सा



पेट झाली, गाईड मिळाले, कोर्सवर्क सुरू झालं की पहिल्या एक-दोन महिन्यांत एक असाइनमेंट हमखास येते: ‘आपल्या विषयातला एक शोधनिबंध निवडून त्याचं चिकित्सक परीक्षण करा.’ ज्युनियर्सची अशी परीक्षणं अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. साचा बहुतेक वेळा एकच. तीन पानं सारांश आणि शेवटी दोन ओळी: ‘सदर अभ्यासातील नमुना मर्यादित आहे. पुढे अधिक संशोधनाची आवश्यकता आहे.’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही पेपरखाली चिकटवता येतं. म्हणून ते कुठल्याच पेपरबद्दल काही सांगत नाही.

तेव्हा आज एक पेपर घेऊ आणि तो कुठे भक्कम आहे, कुठे हलतो, ते बघू. पेपर जेरेड लेक्लर्क आणि सुझन जॉस्लिन यांचा, २०१५ सालचा, ‘रिस्क ॲनालिसिस’ या जर्नलमधला. विषय असा: हवामानाचे इशारे वारंवार खोटे ठरले तर लोक पुढचे इशारे पाळायचे थांबतात का? इंग्रजीत याला ‘क्राय वुल्फ’ परिणाम म्हणतात. आपल्याकडे हीच गोष्ट दुसरी-तिसरीत ‘लांडगा आला रे आला’ म्हणून सगळ्यांनी ऐकलेली असते. पेपरमधला लांडगा म्हणजे हिवाळ्यातल्या रात्री रस्त्यावर धरणारा बर्फ.

हाच पेपर का, तर हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. इशारा द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या माणसाच्या मनात ही गोष्ट कायम घोळत असते. ‘उगाच इशारा दिला आणि काही झालं नाही, तर पुढच्या वेळी कोण ऐकेल?’ या भीतीने इशारा लांबतो, आणि लांबलेल्या इशाऱ्यामुळे रस्त्यावर माणसं अडकतात. कधी मरतात. म्हणजे ही भीती खरी की खोटी, याच्या उत्तरावर बरंच काही अवलंबून आहे.

आता प्रयोग काय होता ते थोडक्यात. सहभागी होणाऱ्याला एका गावाच्या रस्त्यांची जबाबदारी दिली जाते. रोज त्याला रात्रीच्या किमान तापमानाचा अंदाज दिसतो. सोबत निर्णयाला मदत करणारी एक यंत्रणा सल्ला देते: आज मीठ टाका, किंवा नको. (थंड देशांत रस्त्यावर मीठ किंवा मिठाचं पाणी मारतात. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि बर्फ धरत नाही.) मीठ टाकलं तर खर्च होतो. नाही टाकलं आणि तापमान गोठणबिंदूखाली गेलं, तर मोठा दंड. असे अनेक ‘दिवस’ एकामागून एक येतात. सल्ल्यात खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या गटांसाठी वेगवेगळं ठेवलं होतं. काही जणांना नुसता अंदाज आणि सल्ला मिळाला, काहींना त्याबरोबर गोठण्याची शक्यता किती, हा आकडाही मिळाला.

निष्कर्ष तीन. खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण फार जास्त असलं की निर्णय बिघडतात, आणि फार कमी असलं तरीही बिघडतात. प्रमाण थोडंसं कमी केल्याने सल्ला पाळण्यावर किंवा निर्णयाच्या गुणवत्तेवर लक्षणीय फरक पडला नाही. शक्यतेचा आकडा दिल्याने मात्र दोन्ही सुधारलं.

आधी चांगलं काय ते बोलू. परीक्षण म्हणजे फक्त दोष काढणं हा गैरसमज विद्यापीठात कोण पसरवतं कोण जाणे.

या पेपरची खरी ताकद पहिल्या निष्कर्षात आहे, आणि नेमका तोच लोक वाचून पुढे जातात. खोटे इशारे कमी झाले तर निर्णय का बिघडावेत? वरवर विचित्र वाटतं. थोडा हिशोब करू. आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. समजा एका रात्रीचं मीठ १,००० रुपयांना पडतं आणि न टाकता बर्फ धरला तर ६,००० रुपयांचं नुकसान होतं. मग मीठ कधी टाकावं? गोठण्याची शक्यता १०% असेल तर न टाकण्याचं सरासरी नुकसान ६०० रुपये. मिठाच्या १,००० रुपयांपेक्षा कमी, म्हणून टाकू नये. २०% असेल तर १,२०० रुपये, म्हणून टाकावं. उंबरठा येतो सहाला एक, म्हणजे साधारण १७%.

आता २०% शक्यतेच्या ज्या ज्या रात्री शहाण्या माणसाने मीठ टाकलं, त्या सगळ्या रात्री एकत्र मोजा. अंदाज अगदी चोख असला तरी दहापैकी आठ रात्री काहीच होणार नाही. आठ ‘खोटे इशारे’. पण यातला एकही निर्णय चुकलेला नाही! उपाय स्वस्त आणि नुकसान मोठं असतं, तिथे खोटे इशारे ही त्या हिशोबाची किंमतच असते. अंदाजाची गुणवत्ता आहे तीच ठेवून खोटे इशारे कमी करायचे तर एकच मार्ग उरतो, उंबरठा वर न्यायचा. म्हणजे मग खऱ्या रात्रीही निसटणार.

‘लांडगा आला’ची गोष्ट इथेच गंडवते. गोष्टीतला मुलगा मुद्दाम खोटं बोलत होता, गंमत म्हणून. हवामानशास्त्रज्ञ २०% शक्यतेवर इशारा देतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. दोन्हींना एकच नाव दिल्याने प्रामाणिक अनिश्चिततेवर लबाडीचा शिक्का बसतो. (आणि गोष्टीत शेवटी लांडगा खरंच येतो, गावाची मेंढरं खातो, आणि तात्पर्य मात्र मुलालाच ऐकवलं जातं. गावकऱ्यांनी एक फेरी वाचवायला कळप घालवला, त्याचं कुणी काही म्हणत नाही.)

आता दुसरा निष्कर्ष, आणि इथे पेन हातात घ्या. ‘प्रमाण थोडं कमी केल्याने लक्षणीय फरक पडला नाही.’ हे वाक्य पुढच्या लेखांमध्ये, सादरीकरणांमध्ये जाता जाता कसं बदलतं बघा: ‘खोट्या इशाऱ्यांचा लोकांवर परिणाम होत नाही, हे सिद्ध झालं आहे.’ मूळ वाक्यात तीन शब्द होते जे गळून पडले. एक, ‘थोडं’. दोन, ‘लक्षणीय’. तीन, ‘कमी केल्याने’. सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. कदाचित होता, पण पकडायला पुरेसे सहभागी नव्हते. कदाचित बदलच इतका छोटा होता की परिणाम दिसायला जागा नव्हती. नेट-सेटला पाठ केलेली ‘टाइप टू एरर’ हीच. शून्य परिकल्पना नाकारता आली नाही म्हणजे ती खरी ठरली, असं मानणारे प्रबंध आजही जमा होतात. अशा ठिकाणी पी-व्हॅल्यू नंतर बघा, आधी परिणामाचा अंदाज आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल शोधा. इंटरव्हल शून्याभोवती अरुंद असेल तर लेखकांचं म्हणणं वजनदार. रुंद असेल तर पेपरने या मुद्द्यावर काहीच सांगितलेलं नाही, एवढंच सांगितलंय.

आणि हे प्रकरण हवेतलं नाही, कारण उलट बाजूला एक तगडा पेपर उभा आहे. केव्हिन सिमन्स आणि डॅनियल सटर यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या १९८६ ते २००४ या काळातल्या टोर्नेडोंची नोंद घेऊन पाहिलं. ज्या भागांत खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं तिथे टोर्नेडोत माणसंही जास्त दगावली. प्रमाण एका स्टँडर्ड डेव्हिएशनने वाढलं की अपेक्षित मृत्यू १२ ते २९ टक्क्यांनी वाढतात, असा त्यांचा हिशोब. म्हणजे प्रयोगशाळा म्हणते फारसं बिघडत नाही, मैदान म्हणतं माणसं मरतात.

व्हायवामध्ये असा विरोधाभास समोर टाकून विचारतात, ‘मग तुम्ही कुणाचं मानता?’ ‘दोघांचंही थोडं थोडं’ हे उत्तर देऊ नका. दोघांनी एकच गोष्ट मोजली आहे का, हे आधी बघा. सिमन्स-सटर यांनी निर्णय बघितलाच नाही, मृत्यू बघितले. माणूस इशारा ऐकून घरात थांबला की नाही, हे त्यांच्या आकडेवारीत नाही. एखाद्या भागात जास्त मृत्यू होण्यामागे इशाऱ्यावरचा अविश्वास असेल, किंवा त्याच भागाचं आणखी काही असेल. त्यांनी बऱ्याच गोष्टी नियंत्रित केल्या, पण निरीक्षणात्मक अभ्यासात हा प्रश्न कधीच पूर्ण मिटत नाही. लेक्लर्क-जॉस्लिन यांच्याकडे कार्यकारणभाव स्वच्छ आहे, पण त्यांच्या सहभागींचं गाव मॉनिटरवर आहे आणि दंड खेळातला आहे. शिवाय टोर्नेडो मिनिटांत येतो, रस्त्यावरच्या बर्फाचा अंदाज आदल्या दिवशी मिळतो. माझं मत विचाराल तर रस्त्याच्या प्रवासापुरतं मी प्रयोगाकडे झुकतो, पण ‘फार जास्त’ या टोकाबद्दल दोन्ही पेपर एकमेकांच्या विरुद्ध नाहीतच, ही गोष्ट भांडणात हरवते.

मोजण्यावरूनच एक तांत्रिक गोष्ट. ‘फॉल्स अलार्म रेट’ आणि ‘फॉल्स अलार्म रेशो’ हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि दोघांचं लघुरूप एकच असल्याने भलेभले घसरतात. २००९ मध्ये बार्न्स आणि सहकाऱ्यांना आपल्याच २००७ च्या पेपरवर याच गोंधळाबद्दल दुरुस्ती छापावी लागली होती. उदाहरण घ्या. समजा डिसेंबर ते फेब्रुवारी ९० रात्री. त्यातल्या २० रात्री दाट धुकं पडलं. इशारा ३० रात्री दिला, त्यातला १५ रात्री खरा ठरला. खोटे इशारे १५. एकूण ३० इशाऱ्यांपैकी १५ खोटे, म्हणून रेशो ५०%. पण धुकं नव्हतं अशा ७० रात्रींपैकी १५ रात्री इशारा दिला, म्हणून रेट साधारण २१%. हवामान खात्याच्या बाजूने बोलणारा २१ सांगेल, टीका करणारा ५० सांगेल, आणि दोघेही खरं बोलत असतील. हाटेलात बसून इशाऱ्यांची टिंगल करणाऱ्याच्या डोक्यात नेहमी दुसरा आकडा असतो. त्याला इशारा दिलेले दिवसच आठवतात. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये यातला कुठला आकडा वापरताय ते पहिल्याच वापरात लिहून टाका.

आता ज्या ठिकाणी मला हा पेपर खरोखर अपुरा वाटतो, तिथे येतो. ‘सहभागी कॉलेजचे विद्यार्थी होते’ ही टीका मी करणार नाही. ती सगळेच करतात, आणि इथे तिचा फारसा उपयोग नाही. विद्यार्थ्यांऐवजी पन्नाशीचे ट्रकचालक बसवले असते तरी माझी अडचण तीच राहिली असती. अडचण कोण बसलंय याची नाही. खुर्ची एकच आहे, याची आहे.

प्रयोगात निर्णय घेणारा एकटा असतो आणि त्याच्या निर्णयाचा परिणाम त्याच्यापुरता. रस्त्यावर असं कधी होत नाही. अटलांटाचं उदाहरण बघा. २८ जानेवारी २०१४, मंगळवार. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने आदल्या दिवशी खालच्या पायरीची सूचना दिली होती, आणि पहाटे ३ वाजून ३८ मिनिटांनी अटलांटा परिसरासाठी ती वाढवून हिवाळी वादळाचा पूर्ण इशारा केला. सकाळी शाळा भरल्या, ऑफिसं उघडली. दुपारच्या सुमाराला बर्फ पडायला लागला, आणि शाळा, ऑफिसं, सरकारी कचेऱ्या जवळजवळ एकाच वेळी सुटल्या. बर्फ किती, तर दोन-अडीच इंच. शिकागोमध्ये याची बातमीही होत नाही. पण सगळं शहर एका तासात रस्त्यावर आलं. मीठ टाकणाऱ्या गाड्या त्याच कोंडीत अडकल्या, चाकांखाली दबून बर्फाची काच झाली, आणि हजारो लोकांनी रात्र गाडीत काढली. कित्येक मुलं शाळेत किंवा स्कूलबसमध्येच झोपली. गव्हर्नर नेथन डील यांनी आधी अंदाजावर बोट ठेवलं, हवामानशास्त्रज्ञांनी वेळापत्रकासह ते खोडून काढलं, आणि मग डील यांनी माफी मागितली.

त्या दिवशी इशारा पाळला गेला की नाही? लेक्लर्क-जॉस्लिन यांच्या मोजपट्टीने याचं उत्तरच देता येत नाही. दुपारी बारा-एकला ऑफिस सोडून घरी निघालेला प्रत्येक माणूस त्याच्यापुरता शहाणाच होता. बर्फ वाढायच्या आत घर गाठावं, एवढंच त्याला हवं होतं. सगळ्यांनी तोच शहाणपणा एकाच तासात केला, म्हणून वाट लागली. इथे विश्वास कमी पडला नाही. कमी पडला तो क्रम: कोण आधी निघणार, शाळा कधी सोडायच्या, मिठाच्या गाड्यांना रस्ता कधी मोकळा मिळणार. पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१४ मध्ये, दुसरं वादळ आलं तेव्हा राज्याने आधीच आणीबाणी जाहीर केली, लोक घरीच थांबले आणि रस्ते ओस होते. एका शहरात, दोन आठवड्यांच्या अंतराने. हवामानाच्या इशाऱ्यावरचा विश्वास दोन आठवड्यांत एवढा बदलला असं म्हणणं अवघड आहे. आठवण ताजी होती, आणि इशाऱ्याबरोबर या वेळी आदेशही होता.

या पेपरमधलं मीठही फार आज्ञाधारक आहे. टाकलं की काम झालं. टेक्सासमध्ये फोर्ट वर्थ इथे ११ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे महामार्गाच्या एका उंचावरच्या भागात शंभराहून जास्त वाहनं एकमेकांवर आदळली आणि ६ जण गेले. त्या रस्त्यावर सुमारे दोन दिवस आधी मिठाचं पाणी मारलेलं होतं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत बोट ठेवलं गेलं ते नंतरच्या देखरेखीवर: पूल आणि उंचावरचे रस्ते खालूनही थंड होतात, त्यांच्यावर बर्फ आधी धरतो, आणि तिथली स्थिती वेळेत पाहून पुन्हा उपाय झाला नाही. प्रयोगाच्या भाषेत सांगायचं तर बटण दाबलेलं होतं. सल्ला ‘पाळला’ असा शेरा पडला असता. ‘हो-नाही’ अशा एका व्हेरिएबलमध्ये खऱ्या कामाचा किती भाग उरतो, हा प्रश्न डिझाइन करतानाच विचारायचा असतो.

तिसरी गोष्ट प्रतिसादाची. प्रयोगात प्रत्येक ‘रात्री’नंतर सहभागीला कळतं, तापमान खरंच घसरलं की नाही. प्रवासात हे कळत नाही. धुक्यामुळे मी नागपूरहून दिल्लीला जायचं रद्द केलं, तर त्या पहाटे एक्सप्रेसवेवर माझं काय झालं असतं, हे मला कोण सांगणार? मी घरी चहा पीत बसलेला असतो. उलट जो गेला आणि सुखरूप पोचला, त्याला वाटतं इशारा फुकटचा होता. म्हणजे ज्याने ऐकलं त्याला काहीच शिकायला मिळत नाही, आणि ज्याने ऐकलं नाही तो बहुतेक वेळा चुकीचा धडा शिकतो. प्रयोगातला माणूस इतक्या स्वच्छ प्रतिसादावर जे शिकतो, ते महामार्गावरच्या माणसाला लागू करताना जीभ अडखळायला हवी.

धुक्याचा विषय निघालाच आहे तर थोडं आपल्याकडे येऊ. भारतात हिवाळ्यातल्या प्रवासाचा खरा धोका मैदानात बर्फाचा नाही, गंगेच्या खोऱ्यातल्या धुक्याचा. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याच्या मोजमापाची मोहीम चालवली आहे, ‘वायफेक्स’ नावाची. आपल्यातल्या भौतिकशास्त्र आणि हवामानशास्त्रवाल्यांनी तिचे पेपर जरूर बघावेत. हवामान खातं दृश्यमानता २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुकं म्हणतं आणि ५० मीटरच्या खाली अति दाट.

पण निर्णय कसे होतात पाहा. यमुना एक्सप्रेसवेवर हलक्या वाहनांची वेगमर्यादा हिवाळ्यात ताशी १०० वरून ७५ किलोमीटर करतात, साधारण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. म्हणजे कॅलेंडर बघून. रेल्वेही धुक्याच्या हंगामासाठी उत्तरेकडच्या काही गाड्या आधीच रद्द करते किंवा त्यांच्या फेऱ्या कमी करते. रोजचा अंदाज न बघता हंगामाच्या सरासरीवर निर्णय. याला हसू नका, अंदाज पुरेसा चांगला नसेल किंवा रोज निर्णय बदलणं महाग असेल तर असं करणं गणिताने बरोबर ठरतं. फक्त त्याची किंमत काय ते बघा.

ताशी ७५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २१ मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३१ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी जोराचा ब्रेक, सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद या दराने, धरला तर आणखी ३६ मीटर. एकूण ६७. आणि अति दाट धुक्यात दिसतं ५० मीटरपेक्षा कमी. म्हणजे फलकावरचा वेग पाळूनसुद्धा पुढच्या बंद पडलेल्या ट्रकवर गाडी आदळणार. ५० मीटरमध्ये थांबायचं तर वेग साठच्या आसपास हवा, दृश्यमानता आणखी घसरली तर त्याहूनही कमी. आणि जानेवारीच्या लख्ख दुपारी तोच ७५ चा फलक चालकाला विनोदी वाटतो. दुपारी त्या फलकाला हसलेला माणूसच पहाटे तीनला त्याच रस्त्यावर असतो. हे ‘लांडगा आला’चं आपलं खरं रूप, आणि इथे लेक्लर्क-जॉस्लिन यांच्यासारखा प्रयोग करायला भरपूर वाव आहे: कायमचा फलक, रोजच्या अंदाजावर बदलणारा फलक, आणि शक्यतेचा आकडा दाखवणारा फलक, असे तीन गट.

आकड्याचा उल्लेख झाला म्हणून तिसऱ्या निष्कर्षाबद्दल. शक्यतेचा आकडा दिल्याने निर्णय सुधारले, हा पेपरचा सर्वांत उपयोगी निष्कर्ष आहे आणि मला तो पटतो. आकडा दिला की इशारा ‘खरा-खोटा’ या चौकटीतून बाहेर येतो. २०% म्हटल्यावर बर्फ पडला नाही तर कुणी फसवलं असं वाटत नाही. पण प्रयोगात घटना एकदम नेमकी होती: आज रात्री, या गावात, तापमान गोठणबिंदूखाली. प्रत्यक्षात आकडा कशाचा हेच लोकांना कळत नाही. गेर्ड गिगेरेन्झर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ॲमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्क इथल्या लोकांना विचारलं, ‘उद्या पावसाची ३०% शक्यता’ म्हणजे काय? कुणी म्हणालं दिवसाच्या ३०% वेळ पाऊस, कुणी म्हणालं ३०% भागात. ‘अशा दहा दिवसांपैकी तीन दिवशी पाऊस’ हा योग्य अर्थ बहुसंख्येने सांगितला तो फक्त न्यूयॉर्ककरांनी. मुंबई, नाशिक, गोंदियात हा प्रश्न मराठीतून विचारला तर काय येईल? ‘यलो’, ‘ऑरेंज’, ‘रेड’ हे शब्द आपल्याकडे आता पावसाळ्यामुळे घरोघरी पोचलेत, पण ‘शक्यता’ आणि ‘अंदाज’ हे शब्द बोलण्यात आपण इतके सैल वापरतो की ‘६० टक्के शक्यता’ आणि ‘पडेल बहुतेक’ यात फरक केला जातो का, हे आधी तपासावं लागेल. हिवाळा नसला तरी चालेल, हा अभ्यास जूनमध्येही होतो आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

आणि एक शब्द राहिला: ‘पालन’. इंग्रजीत ‘कंप्लायन्स’. हा शब्द गृहीत धरतो की माणसापुढे दोन दारं उघडी आहेत. प्रयोगात खर्च आणि दंड सगळ्यांना सारखे होते. रस्त्यावर नसतात. ज्याचं तिकीट कंपनी बदलून देते आणि ज्याचा आजचा खाडा म्हणजे आजची मजुरी बुडाली, त्या दोघांचा उंबरठा एक कसा असेल? वरचाच हिशोब पुन्हा करा. घरी थांबण्याचा खर्च १,००० ऐवजी ४,००० धरला तर सहाला एकचा उंबरठा सहाला चार होतो, साधारण ६७%. म्हणजे ५०% शक्यतेच्या इशाऱ्यावर घरी थांबणारा प्राध्यापक आणि गाडी काढणारा भाजीचा टेम्पोवाला, दोघेही आपापल्या गणितात बरोबर आहेत. पहिल्याला ‘जागरूक’ आणि दुसऱ्याला ‘बेफिकीर’ म्हणणारी प्रश्नावली मी पाहिली आहे. तिच्यात उत्पन्नाचा रकाना होता, पण विश्लेषणात तो वापरलेला नव्हता.

तुमच्यापैकी कुणी या विषयावर सिनॉप्सिस लिहीत असेल तर माझी सूचना एवढीच. ‘लोक इशारा का ऐकत नाहीत’ असं शीर्षक घेऊ नका, कारण त्यात उत्तर आधीच भरलेलं आहे. ‘इशारा मिळाल्यावर कोण, किती वाजता निघालं’ हे मोजा. निघण्याची वेळ हा आकडा आहे, तो टोलनाक्यावर आणि बसडेपोच्या नोंदीत मिळतो, आणि त्यासाठी कुणाच्या विश्वासाला एक ते पाचमध्ये गुण द्यायला सांगावं लागत नाही. पुढच्या पोस्टमध्ये निरीक्षणात्मक अभ्यासातले गोंधळ घालणारे घटक, म्हणजे कन्फाउंडर, सिमन्स-सटर यांच्याच पेपरवरून बघू. तोवर त्याचा निदान डेटा आणि पद्धतीचा भाग वाचून ठेवा. समीकरणं घाबरवणारी नाहीत.